तिसरी टोपी

"'आम्ही' म्हणजे नक्की कोण कोण?" सासूबाईंनी विचारलं.

मुकुंदच्या हातातला घास हातातच राहिला. मी त्याला चार दिवस पढवलं होतं, की 'आपण' म्हणायचं नाही, 'आम्ही' म्हणायचं. 'आपण नैनितालला जाऊ' म्हटलं की त्यात ऐकणारा आलाच, आणि ऐकणाऱ्या होत्या सासूबाई. वाक्य त्याने बरोबर म्हटलं. पुढच्या प्रश्नाची तयारी करून घ्यायची मात्र मी विसरले होते.

"आम्ही म्हणजे... मी," मुकुंद म्हणाला, "आणि ही."

"दोघंच?"

"दोघंच."

"का? कुणाशी भांडण झालंय का?"

मी पोळ्या लाटत होते, ती लाटतच राहिले. पोळीचा आकार भारताच्या नकाशासारखा झाला तरी मान वर केली नाही.

ही पंच्याऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. साताऱ्याला यादोगोपाळ पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. त्यात सासूबाई, धाकटे दीर धनंजय, धनंजयची सायकल आणि आम्ही दोघं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत मी नवऱ्याशी एकदाही मोठ्या आवाजात बोलले नव्हते. आम्ही भांडायचोसुद्धा कुजबुजत. कुजबुजत भांडण्यात काही राम नसतो, करून बघा. ऐन रंगात आलं की पलीकडून सासूबाई विचारायच्या, "काय गं, काही हवंय का?"

तेव्हा मला आठ दिवस हवे होते. नुसते आठ दिवस, आम्ही दोघं, आणि मध्ये कुणाची सायकल नको. मुकुंद पाटबंधारे खात्यात होता. दिवसभर धरणाच्या पाण्याच्या पातळ्या लिहायच्या, हे त्याचं काम. कॅलेंडरवर नैनितालचं चित्र आलं होतं, निळं तळं, भोवती हिरवे डोंगर. ते बघून तो म्हणाला होता, "रोहिणी, या पाण्याची पातळी कुणीच लिहीत नसेल, नाही?" मी तेव्हाच ठरवलं, जायचं तर इथेच.

ठरवणं सोपं होतं. सासूबाई 'लोक काय म्हणतील'वर अडून बसल्या. त्यात मुकुंदने दुसऱ्याच दिवशी जिन्यात शेजारच्या घाटगेकाकांना सांगितलं आणि वर सवयीने जोडलं, "चला ना तुम्हीपण!"

आपल्याकडे हे असं म्हणतातच. समोरच्याने "छे छे, तुम्ही जाऊन या" म्हणायचं असतं. घाटगेकाका म्हणाले, "कधी निघायचं?"

काका विसरतील म्हणून मी दोन दिवस वाट पाहिली. शेवटी मी घाटगेकाकूंना गाठलं आणि त्या बाजूला बिबटे कसे थेट अंगणात येतात याचं इतकं रसभरीत वर्णन केलं, की मलाच जावंसं वाटेना. काकांचा बेत रद्द झाला. त्या दिवशी मी मुकुंदला बजावलं, कुजबुजतच, "पुन्हा कुणाला 'चला' म्हणालात तर बघा. जीभ चावा, खोकला काढा, पण 'चला' हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"मग शिष्टाचार म्हणून काय म्हणू?"

"काही म्हणू नका. शिष्टाचार मी नैनितालहून आल्यावर करीन."

आता प्रवासाचा बेत कोण आखणार? आमच्यापैकी कुणी पुण्याच्या पुढे गेलं नव्हतं. मुकुंदला आत्याबाई आठवल्या.

आत्याबाई म्हणजे मुकुंदच्या सख्ख्या आत्या, खटावकरबाई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. आधी वडील आजारी, मग आई, मग शाळा, अशी वर्षं निघून गेली. शेजारच्या गल्लीत एका खोलीत राहायच्या. साताऱ्यातल्या निम्म्या बायकांना हिमालय कुठे आहे हे आत्याबाईंनी छडीने दाखवलेलं होतं. स्वतः मात्र त्यांनी तो भिंतीवरच पाहिला होता, तपकिरी रंगाचा.

रविवारी त्या आल्या, काखेत नकाशांचं भलंमोठं पुस्तक. कॉटवर पुस्तक उघडून चष्मा लावला आणि म्हणाल्या, "मुकुंदा, नैनितालला किती दिवस?"

"आठ."

"आठ? वर्गात एकाच मुलीला आठ दिवस प्रश्न विचारशील का? नैनिताल दोन दिवस. मग भीमताल. आणि शेवटचे चार दिवस नौकुचियाताल." त्यांनी पेन्सिल टेकवली. "नऊ कोपऱ्यांचं तळं आहे. एका जागी उभं राहून नऊच्या नऊ दिसत नाहीत म्हणतात. गर्दी नाही, बाजार नाही. नुसतं पाणी आणि डोंगर."

बाजार नाही, गर्दी नाही. मला त्या क्षणी आत्याबाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

असे चार रविवार चालले. आत्याबाईंनी पुणे ते दिल्ली, दिल्ली ते काठगोदाम, तिथून मोटारीने वर, सगळं वेळापत्रकासकट वहीत उतरवलं. कुठे उजवीकडची खिडकी धरायची, कुठे डावीकडची, हेसुद्धा लिहिलं. प्रश्न मात्र विचित्र विचारायच्या. "सकाळी गरम पाणी मिळतं का रे तिथे?" "चढ फार आहे का? गुडघ्याला झेपेल?" एकदा म्हणाल्या, "तुमचा गाडीचा डबा कोणता? परवा पुण्याला काम आहे माझं, म्हणून विचारलं." मुकुंदने डब्याचा नंबर सांगितला. मला वाटलं, बाई शिक्षिका आहेत, बारकाईची सवय.

दुधाच्या रांगेत कळलं, की आत्याबाई रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. मला वाटलं, निवृत्त माणसं काय, काहीतरी करतातच.

आणि मग टोप्या. एप्रिलच्या उकाड्यात, आम्ही पंखा पाचवर ठेवून घामाघूम, तेव्हा आत्याबाई आमच्या घरी बसून लोकरीच्या कानटोप्या विणायच्या. एक निळी, मुकुंदची. एक लाल, माझी. आणि तिसऱ्या रविवारी त्यांनी पिशवीतून पिवळी लोकर काढली. ही टोपी आधीच्या दोन्हींपेक्षा चांगलीच लहान होती.

सासूबाईंनी ती टोपी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा टोपीकडे.

"वन्सं, ही कुणाची हो?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई चक्क लाजल्या. "आहे कुणाची तरी," म्हणाल्या. "वेळ आली की कळेलच."

मी स्वयंपाकघरात पळाले. चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, यावरून घरात जे मौन पाळलं जायचं, ते मला आवाजापेक्षा जास्त ऐकू यायचं. आत्याबाईंनी त्याला पिवळ्या लोकरीने हात घालावा याचा मला रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. पण त्या टोपीने चमत्कार केला. त्या दिवसापासून सासूबाई म्हणू लागल्या, "जा बाई, दोघंच जा. थंड हवेचं ठिकाण आहे, बरं असतं." धनंजयने "मीपण आलो असतो" एवढंच म्हटलं, तर त्यांनी त्याला असं झापलं की तो सायकल घेऊन बाहेरच गेला.

शेवटच्या रविवारी वही पुरी झाली. आत्याबाईंनी पुस्तक मिटलं, काखेत घेतलं आणि दारात जाऊन थबकल्या. मी भांडी आवरत होते, मुकुंद गाद्यांच्या वळकटीशी झटत होता.

"मग," आत्याबाई म्हणाल्या, "येऊ ना मी?"

"या या!" मुकुंद वळकटीवर गुडघा दाबत म्हणाला. "विचारता काय आत्या?"

"रोहिणी, तुझं काही म्हणणं नाही ना?"

"म्हणणं कसलं, आत्याबाई!" मी आतून ओरडले. "हक्काने या."

"बरं. मग येते," असं म्हणून त्या जिना उतरल्या. एकसष्ट वर्षांच्या बाई, पण दोन-दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. मला वाटलं, अजिंक्यताऱ्याचा परिणाम.

निघायचा दिवस उजाडला. पुण्याच्या आठच्या एसटीसाठी आम्ही साडेसातला स्टँडवर पोचलो. आणि पुण्याची गाडी लागते त्या फलाटावर, बाकावर, आत्याबाई बसलेल्या. मला गहिवरून आलं. मी जाऊन वाकून नमस्कार केला.

"एवढ्या सकाळी कशाला आलात पोचवायला?"

आत्याबाई खळखळून हसल्या. "पोचवायला म्हणे!" आणि पिशवीतून ती पिवळी टोपी काढून त्यांनी भरल्या उन्हाळ्यात, भरल्या स्टँडवर, डोक्यावर चढवली. कानांवरून नीट खाली ओढली. "बघ बरं, कशी बसते? माझं डोकं लहान ना, म्हणून अंदाजाने विणली."

टोपी अगदी बरोबर बसली होती. बाकाच्या मागे पट्ट्यांनी आवळलेला होल्डॉल उभा होता. पायात पांढरे बूट. हातातल्या पाकिटातून रेल्वेचं तिकीट डोकावत होतं.

मला एका क्षणात सगळं कळलं. मुकुंदला कळलं नाही. तो भाबडेपणाने म्हणाला, "अरे वा, आत्या! तुम्ही कुठे निघालात?"

आत्याबाईंचं हसू हळूहळू मावळलं. तीस वर्षं वर्गातल्या मुलींचे चेहरे वाचलेल्या बाई त्या. त्यांनी मुकुंदकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठे म्हणजे?" त्या म्हणाल्या. "मी दारात विचारलं ना तुम्हाला. येऊ ना, म्हणून. तूच म्हणालास, या या."

"अहो, ते... मला वाटलं, तुम्ही घरी निघालात," मुकुंदची जीभ अडखळली. "म्हणजे आपण नाही का म्हणत... नेहमीचं..."

"हो का," आत्याबाई म्हणाल्या. "नेहमीचं."

त्यांनी टोपी काढली. घडी घालून पिशवीत ठेवली, आणि इतक्या घाईने बोलू लागल्या की मध्ये कुणाला शिरायला जागाच राहू नये. "माझंच चुकलं रे. मराठीची बाई असते तर नीट विचारलं असतं, भूगोलवाल्यांचं हे असंच. तिकीट काय, परत करता येतं. तुम्ही जा. भीमतालला पुलावरून पलीकडे बघायचं विसरू नका, वहीत लिहिलंय. चढ-उताराला सांभाळा." त्यांनी होल्डॉलच्या पट्ट्याला हात घातला. "बरं. येते मी."

खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. त्यांचा, मुकुंदचा, मराठी भाषेचा. चार वर्षं. आठ दिवस. मी घाटगेकाकांना बिबटे दाखवले, धनंजयला सासूबाईंकडून झापून घेतलं, 'आपण' टाळलं, 'चला' टाळलं, आणि पुढच्या दाराला एवढी कुलपं घातल्यावर मागच्या दाराने 'या' म्हणून मीच बोलावलं होतं. आता फक्त एकदा 'या' म्हणायचं होतं. एक अक्षर. रीत होती तशी. त्या म्हणाल्या 'येते', आपण म्हणायचं 'या', आणि आठ दिवस माझे होते. शब्द अगदी जिभेवर आला होता.

एवढ्यात कंडक्टर खाली उतरला. "चला पुणे, पुणे चला!" मग त्याची नजर होल्डॉल ओढणाऱ्या आत्याबाईंवर गेली. "ओ आजी, तुम्ही येताय का जाताय? एक काय ते सांगा, गाडी लागलीय."

आत्याबाईंनी होल्डॉलचा पट्टा सोडला, मग पुन्हा धरला. तीस वर्षं कुठल्याही प्रश्नावर न अडलेल्या बाई नुसत्या उभ्या राहिल्या. मी खाली पाहिलं. त्यांनी बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठी मारल्या होत्या, सहलीला निघालेल्या शाळेतल्या मुलीसारख्या, वाटेत सुटू नयेत म्हणून.

"चला," मी म्हटलं.

"अगं, काय?"

"चला म्हटलं, आत्याबाई. गाडीत बसा."

"नको गं. तुमची अडचण होईल."

"होणारच आहे," मी म्हटलं. "चला."

त्यांनी पट्ट्यावरचा हात काढला. मुकुंद तर आ वासून बघत होता, कारण त्याला दोन महिने या शब्दाची बंदी होती. मी त्याच्या हातात होल्डॉल दिला. "बघताय काय? टाका वर. आपण तिघं निघालोय."

आत्याबाई चढल्या. उजवीकडची खिडकी धरली. खंबाटकी घाट उतरल्यावर पिशवीतून तिळाच्या वड्या काढून मला दिल्या आणि म्हणाल्या, "तू वर्गात असतीस ना, तर मी तुला मॉनिटर केलं असतं."

प्रवासाचं फार सांगत नाही. दिल्लीपर्यंत आत्याबाईंनी डब्यातल्या सगळ्यांना कोणती नदी आली ते सांगितलं. काठगोदामच्या पुढे डोंगर सुरू झाले तेव्हा मात्र खिडकीला कपाळ टेकवून बसल्या. एका वळणावर एकदम माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "अगं, हा तपकिरी नाहीये."

नौकुचियातालला आम्ही दुपारी पोचलो. आत्याबाईंनी सामान टाकलं, आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही पडा जरा," आणि काठाकाठाने एकट्याच निघून गेल्या, त्या दिवेलागणीला परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काठावर खुर्ची मांडून घेतली, पिवळी टोपी घातली, मांडीवर नकाशांचं पुस्तक घेतलं आणि हुकूम सोडला.

"मुकुंदा, तिथे वल्ह्यांची होडी मिळते. दोघं जा आणि तळ्याचे कोपरे मोजून या. नीट मोजा. घाई करायची नाही."

"तुम्ही चला ना आत्या," मुकुंद म्हणाला. एव्हाना बंदी उठली होती.

"मला पाण्याची भीती वाटते," खटावकरबाई म्हणाल्या. तीस वर्षं ज्यांनी मुलींना सात समुद्र शिकवले, त्या.

मुकुंदने वल्ही हातात घेतली आणि होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. पाटबंधारे खात्याचा माणूस, पण पाणी त्याने आयुष्यभर कागदावरच वळवलं होतं. मी हसले. त्याला राग आला. त्यावरून मला राग आला. आणि त्या तळ्याच्या मधोमध, चार वर्षांत पहिल्यांदा, आम्ही मोठ्याने भांडलो. माझ्या आवाजाला समोरच्या डोंगरावरून साद आली, तेव्हा मी दचकलेच. एवढा माझा आवाज आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. मग आम्ही इतके हसलो की एक वल्हं पाण्यात पडलं आणि ते काढण्यात तास गेला.

परत आलो. आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "किती?"

"सात," मुकुंद म्हणाला.

"चुकलं. उद्या परत जा."

दुसऱ्या दिवशी आम्ही सात म्हणालो. तिसऱ्या दिवशी आठ. आत्याबाई रोज मान हलवायच्या. "चौथीतल्या मुली तुमच्यापेक्षा बऱ्या मोजतात. उद्या सकाळी लवकर जा, जेवायला आला नाहीत तरी चालेल." आणि आम्ही रोज जात राहिलो.

सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "टोपीचं मी आधीच ओळखलं होतं." कारण पुढच्या वर्षी आमची नीलिमा झाली, आणि ती चार वर्षांची झाल्यावर पिवळी टोपी तिला बरोबर बसली.

ती दहावी झाली त्या दिवशी आत्याबाई आल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काठी टेकत. बक्षीस म्हणून त्यांनी तिला नकाशांचं ते पुस्तक दिलं. नीलिमा जमिनीवर बसून पानं उलटू लागली. मी चहा गाळत होते.

"आई," ती म्हणाली, "इथे समासात लाल पेनने काहीतरी लिहिलंय. नौकुचियातालपाशी."

"वाच बघू," मुकुंद म्हणाला.

नीलिमा मोठ्याने वाचू लागली. "'नौकुचियाताल. कोपरे नऊ. काठाने फिरून स्वतः मोजले.' खाली तारीख आहे, सोळा मे."

सोळा मे म्हणजे आम्ही पोचलो तो दिवस. मुकुंदने आत्याकडे पाहिलं. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"अजून एक ओळ आहे," नीलिमा म्हणाली. "सतरा मे. 'रोहिणीला आज नऊही सापडले. तोंडावरून कळते. नवऱ्याला सात सांगू दिले. हुशार आहे.'"

"काय?" मुकुंद जवळजवळ ओरडला. "रोहिणी? तुला पहिल्याच दिवशी सापडले होते?"

माझा चहा कपाबाहेर सांडला. आत्याबाईंनी काठी उचलली.

"बरं," त्या म्हणाल्या, "येते मी."